किल्ली फिरत नाही तेव्हा जोर नेमका कुठे लावायचा: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गाडीची किल्ली इग्निशनमध्ये फिरेनाशी झाली तर काय करावे, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी शांतपणे दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : स्टीअरिंग हलवत किल्ली फिरवण्याचा माझा सल्ला आपण मानला आणि किल्ली लॉकमध्येच तुटली, लॉक मोकळे करायला ग्रॅफाइट शोधत बसण्यापेक्षा तेलाचे दोन थेंब सोडले असते तर काम झाले असते, बॅटरी उतरल्यामुळेही किल्ली अडकते हे मी लिहिलेच नाही, आणि जड जुडग्याबद्दलचा माझा इशारा ही निव्वळ ऐकीव समजूत आहे. यातल्या पहिल्या मुद्द्यात चूक माझी आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

"स्टीअरिंग हलवत किल्ली फिरवा" एवढेच मी लिहिले होते. ते कोणत्या बाजूला हलवायचे आणि जोर स्टीअरिंगला द्यायचा की किल्लीला, हे त्या वाक्यातून कळत नाही, आणि ज्याची गाडी अडलेली आहे असा माणूस साहजिकच दोन्हींना जोर देतो. किल्ली काढून घेतल्यावर स्टीअरिंगच्या दांड्याजवळची, स्प्रिंगने दाबलेली एक पोलादी खिट्टी दांड्यावरच्या खाचेत जाऊन बसते, आणि त्यानंतर स्टीअरिंग फिरत नाही. गाडी लावताना चाके वळलेली राहिली, किंवा पुढचे चाक फुटपाथच्या कडेला किंवा एखाद्या दगडाला टेकलेले राहिले, तर टायरला पडलेला पीळ स्टीअरिंगला एका बाजूला ओढत राहतो आणि खिट्टी खाचेच्या भिंतीवर घट्ट आवळली जाते. किल्ली फिरवताना ही खिट्टी मागे ओढली जावी लागते. ती आवळलेली असेल तर किल्ली केसभरही सरकत नाही.

पाचगणीला एकदा उतारावर गाडी लावून पुढच्या चाकाखाली दगड सरकवला होता, आणि परत आल्यावर किल्ली अजिबात हलेना. स्टीअरिंग डावीकडे ढकलून पाहिले तर दगडावर दगड ठेवल्यासारखे कठीण लागले, उजवीकडे मात्र बोटभर लवचीकपणा जाणवला. त्या उजव्या बाजूला डाव्या हाताने दाब धरून ठेवला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी किल्ली अलगद वळवली, तेव्हा 'टक्' असा आवाज होऊन ती फिरली. लेखात सांगायचे होते ते हेच : ज्या बाजूला स्टीअरिंग थोडे तरी सरकते त्या बाजूला दाब टिकवून धरायचा, लागला तर तो दाब भरपूर द्यायचा, आणि किल्लीला मात्र एरवी घराचे कुलूप उघडताना देतो त्याहून जास्त जोर द्यायचा नाही. पक्कड तर किल्लीला लावायचीच नाही. इंजिन बंद असताना पॉवर स्टीअरिंगची मदत नसते, त्यामुळे हा दाब अंगावर घेऊनच द्यावा लागतो.

आपल्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे. आपली गाडी बारा वर्षे जुनी आहे आणि रोज तीच एक किल्ली वापरली जाते, असे आपण लिहिले आहे. आमच्या भागातल्या एका किल्लीवाल्याने मला उघडलेले लॉक हातात दिले होते. त्यात पातळ धातूच्या पत्त्या एकामागे एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीखाली एक बारीक स्प्रिंग असते. किल्ली पूर्ण आत गेली की तिच्या खाचा या पत्त्यांना नेमक्या उंचीवर आणतात, त्या बॅरलच्या, म्हणजे लॉकमधल्या फिरणाऱ्या गोल भागाच्या, पृष्ठभागाशी सपाट होतात आणि बॅरल फिरते. एक पत्ती जरी वर राहिली तरी ती बॅरलभोवतीच्या न फिरणाऱ्या कवचात अडते. त्याने एक झिजलेली किल्ली आणि तिची न वापरलेली जोडीदार ट्यूबलाइटसमोर एकावर एक धरून दाखवली : जुनीच्या खाचांची टोके गुळगुळीत होऊन गोल झाली होती, आणि दोन कडांमधून प्रकाशाची बारीक रेघ दिसत होती. तेवढ्या फरकाने लॉक अडते. म्हणून स्टीअरिंग सैल असूनही किल्ली फिरत नसेल, किंवा किल्ली अगदी किंचित बाहेर ओढून फिरवल्यावर ती फिरत असेल, तर संशय किल्लीवर घ्यावा आणि कपाटातली दुसरी किल्ली लावून पाहावी. झिजलेल्या किल्लीवरून काढलेली डुप्लिकेट ही त्या झिजेचीच नक्कल असते. नवी किल्ली गाडीबरोबर मिळालेल्या किल्ली-क्रमांकावरून कापून घेतलेली बरी.

तेलाबद्दल आपला अनुभव मी नाकारत नाही. तेल सोडल्यावर लॉक त्या दिवशी मोकळे होते, हे खरे आहे. पण शिवणयंत्राचे तेल असो किंवा खोबरेल, त्यावर धूळ बसते, आणि काही महिन्यांत पत्त्यांभोवती काळा चिकटा तयार होतो. त्या किल्लीवाल्याने उघडलेल्या लॉकमध्ये तो मी नखाने खरवडून पाहिला आहे. शिवाय बॅरलच्या मागे विजेचा स्विच असतो, त्यावर तेल उतरणे चांगले नाही. ग्रॅफाइटसाठी लांब जावे लागत नाही. साध्या, मऊ शिसपेन्सिलीचे टोक किल्लीच्या खाचांवर दोन्ही बाजूंनी घासावे आणि किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर करावी.

बॅटरीचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. साध्या किल्लीच्या गाडीत हे लॉक पूर्णपणे यांत्रिक असते, बॅटरी काढून बाजूला ठेवली तरी किल्ली फिरते, फक्त डॅशबोर्डवर दिवे लागत नाहीत. किल्लीतली चिप, जिच्यावरून गाडी आपली किल्ली ओळखते, ओळखली गेली नाही तरीही किल्ली फिरते, इंजिन तेवढे सुरू होत नाही. अपवाद दोन आहेत आणि ते मी लेखात द्यायला हवे होते : काही ऑटोमॅटिक गाड्यांत बॅटरी उतरली की किल्ली बाहेर निघत नाही, आणि बटणाने सुरू होणाऱ्या ज्या गाड्यांत स्टीअरिंग लॉक विजेवर चालते त्या गाड्यांत ते सुटत नाही.

जुडग्याबद्दल दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. जड जुडगा रस्त्याच्या प्रत्येक धक्क्याबरोबर झुलतो आणि किल्ली व पत्त्या दोन्ही झिजवतो, एवढेच मी म्हटले होते. पण त्याहून गंभीर गोष्ट 2014 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांबाबत समोर आली. त्या इग्निशन स्विचची पकड मुळातच कमी होती, त्यामुळे धक्क्याने किंवा जुडग्याच्या वजनाने किल्ली चालत्या गाडीत मागे फिरत असे, इंजिन बंद पडत असे आणि एअरबॅग उघडत नसत. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले, आणि दुरुस्ती होईपर्यंत जुडग्यातून बाकी सगळे काढून फक्त किल्ली वापरा, असे कंपनीनेच मालकांना सांगितले होते. दोष स्विचचा होता, जुडग्याचा नव्हे. तरीही या इशाऱ्याला ऐकीव समजूत म्हणणे मला योग्य वाटत नाही.

आता तुटलेल्या किल्लीविषयी. आत राहिलेल्या तुकड्याला झटपट चिकटणारा गोंद लावून बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नका, पत्त्या कायमच्या चिकटतील. बॅरल किल्ली घालण्याच्या मूळ स्थितीत असेल तरच तुकडा सरळ बाहेर येतो, म्हणून ते काम किल्लीवाल्याला करू द्या. किल्लीचे प्लास्टिकचे डोके अजिबात टाकू नका, चिप बहुधा त्यातच असते. दोन्ही तुकडे जुळवून खाचांची मापे घेता येतात, पण झीज असेल तर तीही त्यात उतरेल, तेव्हा किल्ली-क्रमांक सापडतो का ते आधी पाहा. गॅरेजने पूर्ण लॉकसेट बदलायला सांगितले असेल, तर तुकडा निघाल्यावर घरातली दुसरी किल्ली एकदा लावून पाहा, आणि ती फिरली की नाही ते येथे अवश्य कळवा. मूळ लेखातले ते वाक्य मी आज बदलले आहे.