आतली कडी

गेल्या शनिवारी मुलीच्या शाळेत पालकसभा होती. गॅदरिंगचे ड्रेस, बसचे वाढलेले पैसे, डब्यात काय द्यायचं, हे सगळं झालं. शेवटी "कुणाला काही विचारायचंय का?" असं म्हटल्यावर मी उठलो आणि विचारलं, "वर्गांच्या दारांना आतून कडी का नाही?"

मुख्याध्यापिकांनी विषय झटकला नाही. म्हणाल्या, आतून कडी असली की मुलं एकमेकांना कोंडून घेतात, शिवाय बंद दाराआड काय चाललंय ते बाहेरच्याला कळायला हवं. बदलापूरच्या घटनेनंतर हे कुठल्याही पालकाला पटेल, मलाही पटलं. तरीही मी तो प्रश्न का विचारला हे तिथे दोन मिनिटांत सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय. पोस्ट मोठी होईल, पण पूर्ण वाचा ही विनंती.

१९९७ साल. मी नववीत होतो, पुण्याच्या पूर्व भागातल्या एका शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही. जुलै महिना, बाहेर पाऊस, चौथा तास गणिताचा. मी बाईंना विचारून पाणी प्यायला खाली गेलो होतो. तेवढ्यात गेटमधून तीन मुलं आत शिरली. दोघांच्या हातात सायकलच्या चेन होत्या, एकाकडे कोयता. आमच्या वर्गातल्या एका मुलाशी त्यांचं आदल्या दिवशी भांडण झालं होतं. शिपाईमामा ओरडले, त्यांना ढकलून ती तिघं जिन्याने वर निघाली. मी मागच्या जिन्याने वर पळालो. पळून जायचं ते वर्गातच, एवढंच त्या वयात डोक्यात आलं.

वर्गात काय झालं ते मला नंतर मित्रांनी सांगितलं. आरडाओरडा ऐकताच बाईंनी दार लोटून घेतलं. आतून कडी नव्हती, कडीच्या जागी स्क्रूची चार भोकं होती. त्यांनी मुलांकडून दोन बेंच दाराला लावून घेतले, सगळ्यांना खिडकीखालच्या भिंतीला खाली बसवलं आणि स्वतः दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. मग तोंडातल्या तोंडात मुलं मोजली. बावन्न हजर, एक्कावन्न दिसत होते.

बावन्नावा मी. मी बाहेरून दार बडवत होतो, "बाई, मी आहे, मी आहे."

त्यांनी बेंच सरकवला, दार हातभर उघडलं आणि माझी कॉलर धरून मला आत ओढलं. त्या झटापटीत त्यांचा डावा हात फटीत राहिला. कोयता कोपरावर बसला. त्या किंचाळल्या नाहीत. "बेंच लावा," एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा दाराला पाठ लावली. हजेरीपट त्यांच्या पायाशी पडला होता आणि त्याच्यावर थेंब पडत होते, ते मला आजही दिसतं. दोन मुलींनी वेण्यांच्या लाल रिबिनी सोडून त्यांच्या दंडाला करकचून बांधल्या. बाहेर दारावर लाथा बसत होत्या. वरच्या वर्गांना शिकवणारे दोन सर आणि समोरच्या दुकानातली माणसं खालून धावत आली, तेव्हा ती तिघं पळाली. बाईंना रिक्षाने ससूनला नेलं.

इथवरची गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारा म्हणतो, "काय बाई होत्या!" पुढची गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले. कोयता कुणाच्या हातात होता हे सगळ्यात जवळून मी पाहिलं होतं. माझ्या वडिलांनी मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं, "आमच्या मुलाने काही पाहिलेलं नाही." त्या मुलांची घरं आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे होती आणि मला रोज त्याच रस्त्याने जायचं होतं. वडिलांची भीती खरी होती, त्यांना मी दोष देत नाही. पण इतर घरांतूनही हेच उत्तर आलं. संस्थेलाही नाव खराब व्हायला नको होतं. जबाब एकट्या बाईंचा झाला. चौकशीत संस्थेच्या एका माणसाने त्यांना विचारलं म्हणे, "दार उघडलंतच कशाला?" वैद्यकीय रजा संपली, नंतरचे दिवस बिनपगारी गेले. दिवाळीनंतर त्या हजर झाल्या आणि जिथे राहिला होता तिथून गणिताचा धडा पुढे सुरू केला.

मोठा झाल्यावर जगभरात शाळांवर झालेल्या हल्ल्यांबद्दल जे सापडेल ते मी वाचत गेलो. वाचताना दर वेळी माझं लक्ष दोनच गोष्टींकडे जायचं. दार कसं होतं आणि मदतीला मागून कोण आलं?

१९९९ साली अमेरिकेतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये डेव्ह सँडर्स नावाचे शिक्षक कॅफेटेरियातल्या मुलांना पळा, पळा सांगत फिरले आणि त्यांना गोळ्या लागल्या. एका वर्गात मुलांनी स्वतःचे टी-शर्ट काढून त्यांच्या जखमा दाबून धरल्या. पाकिटातले घरच्यांचे फोटो काढून त्यांना दाखवत राहिले, शुद्ध हरपू नये म्हणून. खिडकीत फलक लावला, एक जण रक्तस्रावाने मरतोय. मदत त्यांच्यापर्यंत पोचायला तीन तासांहून जास्त वेळ लागला. सँडर्स गेले.

व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी लिव्हिउ लिब्रेस्कू या ७६ वर्षांच्या प्राध्यापकांनी २०४ क्रमांकाच्या खोलीचं दार अंगाने दाबून धरलं आणि विद्यार्थ्यांना खिडक्यांतून उड्या मारायला सांगितलं. रोमानियात ज्यूंच्या संहारातून लहानपणी वाचलेला हा माणूस. त्यांच्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं वाचली. त्याच मजल्यावर आपल्या तमिळनाडूतून गेलेले प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन शिकवता शिकवता मारले गेले.

२०१२ च्या डिसेंबरात सँडी हूक या प्राथमिक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. मुख्याध्यापिका डॉन हॉकस्प्रंग आवाज ऐकून पळाल्या त्या आवाजाच्या दिशेने. पहिलीची शिक्षिका व्हिक्टोरिया सोटो, वय २७, आपल्या मुलांना लपवताना गेली. आणि त्या शाळेच्या वर्गांची दारं कुलूपबंद करायची तर किल्ली घेऊन बाहेर व्हरांड्यात यावं लागायचं. हे वाचलं त्या रात्री मी झोपलो नाही. चौकशी आयोगाने नंतर पहिल्या शिफारशींत हेच सांगितलं, की वर्गाचं दार आतून बंद करता आलं पाहिजे.

२०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत भूगोलाचे शिक्षक स्कॉट बाइगेल यांनी बाहेर अडकलेल्या मुलांसाठी दार उघडलं, मुलांना आत घेतलं, आणि दार पुन्हा लावताना त्यांना गोळी लागली. याच्यावर मला जास्त लिहिता येणार नाही.

२०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीत १९ मुलं आणि इर्मा गार्सिया व इव्हा मिरेलेस या दोन शिक्षिका गेल्या. एका वर्गाचं कुलूप नीट लागत नाही अशी तक्रार आधीच केलेली होती. शाळेत पावणेचारशेच्या आसपास पोलीस जमले आणि हल्लेखोरापर्यंत पोचायला त्यांना ७७ मिनिटं लागली. शिक्षिका आत होत्या, बंदुका बाहेर होत्या. तिकडे अजूनही शिक्षकांच्याच हाती पिस्तूल द्या म्हणणारे आहेत. मला ते मुळीच पटत नाही. जी माणसं बाहेर थांबली त्यांचा भार आत उभ्या असलेल्या बाईवर टाकायचा, याला उपाय म्हणत नाहीत.

हे सगळं अमेरिकेचं, असं कुणी म्हणेल. शेजारी पेशावरमध्ये १६ डिसेंबर २०१४ ला आर्मी पब्लिक स्कूलवर हल्ला झाला, १३० हून जास्त मुलं गेली, आणि मुख्याध्यापिका ताहिरा काझी मुलांबरोबरच गेल्या. आणि पुण्यात कोयता हा शब्द गेल्या तीन-चार वर्षांत ज्या वयाच्या मुलांच्या बातम्यांत येतोय, ती मुलं कुठल्या ना कुठल्या शाळेच्या पटावर आहेत किंवा परवापर्यंत होती. त्यांच्यासमोर रोज सकाळी कुणीतरी हजेरी घेत असतं.

ते कुणीतरी कोण, तेही बघा. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेत नवा लागलेला शिक्षणसेवक तीन वर्षं मानधनावर असतो. ते मानधन २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये होतं, आता १६,००० आहे. त्यात मतदार याद्या, सर्वेक्षणं आणि पोषण आहाराच्या नोंदी. वेळ आली तर ही मुलगी आपल्या लेकरांच्या पुढे उभी राहील असं आपण सगळे मनातून धरून चाललेलो असतो, आणि बहुतेक वेळा ती खरंच उभी राहते.

पुण्यात शिक्षिकेच्या धाडसाचा विषय निघाला की सावित्रीबाईंचं नाव येतं, यायलाच हवं. भिडेवाडा, १८४८, अंगावर शेण-दगड, सोबत घेतलेलं दुसरं लुगडं. हे आपल्याला पाठ आहे. त्यांच्या मागे कोण उभं होतं ते मात्र आपण भरभर सांगून टाकतो. घराबाहेर पडावं लागल्यावर उस्मान शेख यांनी घर दिलं. फातिमाबी बरोबरीने शिकवायला आल्या. लहुजी वस्ताद साळवे यांची माणसं पाठीशी होती असं सांगतात. सावित्रीबाई एकट्या शूर होत्या हे खरंच, पण त्यांना एकटं पडू दिलं नाही अशी माणसंही याच गावात होती. मी ज्या गावात वाढलो तेही हेच, आणि तिथे आम्ही बावन्न घरं गप्प बसलो.

मागच्या वर्षी मी बाईंना शोधून काढलं. सिंहगड रोडला राहतात. डावा कोपर सरळ होत नाही. पूर्वी त्यांचा घट्ट अंबाडा असायचा, आता केस मानेपर्यंत कापलेले. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "अरे, दोन्ही हात मागे जात नाहीत ना. किती वर्षं दुसऱ्याकडून घालून घेणार?" मी तेव्हाच्या जबाबाबद्दल बोललो. बोलताना रडलो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "तू चौदा वर्षांचा होतास." माझ्या वडिलांबद्दल काही बोलल्या नाहीत. इतरांबद्दलही नाही. ही पोस्ट लिहायची परवानगी मागितली तेव्हा नाव घालू नको म्हणाल्या, आणि विचारलं, "तुझ्या मुलीच्या वर्गाला कडी आहे का?"

म्हणून तो प्रश्न. मुख्याध्यापिकांचा मुद्दा मी चार दिवस डोक्यात घोळवला. आतून मुठीने बंद होणारं आणि बाहेरून ऑफिसातल्या किल्लीने उघडणारं कुलूप मिळतं. दारात वितभर काच बसवली की आतलं बाहेरून दिसतं. दोन्ही गोष्टी रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन मी हाताने बघून आलो. २०२४ मध्ये सरकारने शाळांना सीसीटीव्ही लावायला सांगितले, ते लावावेतच. पण कॅमेऱ्यातलं पुढच्या तासाला बघायचं असतं, दार त्या क्षणाला लागावं लागतं. आणि आणखी एक गोष्ट मी लेखी मागणार आहे. शाळेत कुणा शिक्षकावर हात उगारला गेला तर शाळा स्वतः फिर्याद देईल, रजा भरपगारी असेल, आणि पालक संघाचे लोक जबाबाला सोबत जातील. महाराष्ट्रात साक्षीदारांच्या संरक्षणाचा २०१७ चा कायदा आहे, तो कुणीतरी वापरायलाही हवा.

शाळेत चौदा वर्ग आहेत. सात पालक कुलुपांचा खर्च वाटून घ्यायला तयार आहेत. येत्या शनिवारी सकाळी साडेनऊला मुख्याध्यापिकांनी वेळ दिली आहे, आमच्या शाळेतल्या ज्यांना यायचंय त्यांनी गेटपाशी भेटा.

आणि १९९७ च्या त्या नववीतलं कुणी हे वाचत असेल, तर मला फोन करा. रविवारी दुपारी मी बाईंकडे जाणार आहे. रिबिनी बांधणाऱ्या तुम्ही दोघी कुठे आहात मला माहीत नाही, पण बाई तुमची आठवण काढत होत्या.