राजाने फावडं तरी उचललं होतं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

कमेंट तिखट आहे पण आवडली. मेसोपोटेमियाच्या (म्हणजे साधारण आजच्या इराकच्या) राजांनी खोदलेल्या कालव्यांवर मी लेख लिहिला होता, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की तिथले शिलालेख म्हणजे त्या काळचे फ्लेक्स, ‘मी खोदलं, मी बांधलं’ म्हणणाऱ्या राजाने फावडं तरी उचललं होतं का, आणि मी सगळं खरं धरून लेख पाडला.

आधी चूक कबूल करतो. असिरियाचा राजा सेनाचेरिब याचे सगळे कालवे सव्वा वर्षात झाले असं मी लिहिलं, ते साफ चुकलं, खिनीस इथल्या कड्यावरच्या त्याच्या शिलालेखात तो दावा एकाच कालव्याचा आहे. आणि तिथे तो चक्क अश्शूर देवाची शपथ घेऊन सांगतो की एवढ्या मोजक्याच माणसांत काम केलं, म्हणजे लोकांना पटणार नाही हे त्यालाही माहीत असणार!

पण सगळ्याच थापा? मोसूलच्या उत्तरेला जेरवानला त्याचा दगडी जलसेतू अजून उभा आहे, मोडकळीला आलाय पण आहे, साधारण 280 मीटर लांब, 22 मीटर रुंद, 20 लाखांवर दगड. खोल ओढ्यांवरून पांढऱ्या चुनखडीचा पूल करून पाणी नेलं असं त्या दगडांवरच कोरलंय.

फ्लेक्सचं म्हणाल तर बरेचसे बांधकामाचे लेख इमारतीच्या पायात पुरलेले नाहीतर मातीच्या खिळ्यांवर लिहून भिंतीत ठोकलेले असायचे, ते वाचणार कोण? देव आणि पुढचा राजा. दुरुस्तीत सापडलं तर तेल लाव, बळी दे आणि परत जागेवर ठेव, अशी त्याला विनंती असते. फ्लेक्स कोणी पायात पुरतं का? खिनीसचा लेख मात्र उघड्या कड्यावर आहे, तिथे तुमचा मुद्दा मान्य.

आणि फावड्याचा उल्लेख तिथेच आहे बरं का. पाणी सोडायच्या वेळी कालव्याचा दरवाजा फावडं-कुदळ न लावता आपोआप उघडला, ही देवांची करणी, म्हणून खोदणाऱ्यांना रंगीत कपडे आणि सोन्याच्या अंगठ्या दिल्या, असं राजा सांगतो. मला विचाराल तर पाण्याच्या दाबाने दरवाजा फुटला असणार आणि मुकादमाने देवाचं नाव पुढे करून मान वाचवली असणार, पण हा माझा अंदाज.

खरं तर तुम्ही मला दुसरीकडेच धरायला हवं होतं. खिनीसच्या याच शिलालेखात पुढे इ.स.पू. 689 मधली बाबिलोनची कथा येते, सेनाचेरिबने शहर पाडलं, मधून चर खोदले आणि पाणी सोडून जमीन सपाट केली. ते मी माझ्या लेखात घेतलंच नाही.