सूटेबल फॉर

रविवारी संध्याकाळी सांगलीत वखारभागातल्या आमच्या कट्ट्यावर भडंगाच्या पुडीशेजारी दोन वॉटर पंप मांडले होते, इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारे. एक जुना, काळपट, शाफ्टखालच्या बारीक भोकातून कूलंट गळून हिरवट ओघळ सुकलेला. दुसरा चकचकीत, जेमतेम शंभर किलोमीटर चाललेला. दोन्ही माझ्याच गाडीतले. गाडी 2011 ची आहे. कुठली ते सांगत नाही, तिच्यावरून चिडवणारे कट्ट्यावर आहेत तेवढे पुरे.

झालं ते असं. जुना पंप गळायला लागला. आमचा मेस्त्री बंडू म्हणाला, ओरिजिनल 3,400 ला पडेल. मी म्हटलं थांब, मी बघतो. शंभर फुटी रोडवर एका दुकानात 1,150 ला मिळाला. बॉक्सवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही. नुसतं ‘सूटेबल फॉर’ आणि खाली चार गाड्यांची नावं, त्यात माझी तिसरी. आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी बंडूनं तो बसवला आणि शनिवारी पहाटे आम्ही तुळजापूरला निघालो. मिरजेत गाडी उभी असताना टेंपरेचरचा काटा निम्म्याच्या वर गेलेला मला दिसला होता, पण बायको शेजारी होती म्हणून बोललो नाही. नागज फाटा ओलांडल्यावर पुढून चिमणी चिवचिवल्यासारखा आवाज यायला लागला. सांगोल्याच्या अलीकडे फट्कन काहीतरी तुटलं, बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग जड झालं आणि काटा चढायला लागला. गाडी लगेच बंद केली म्हणून इंजिनचं हेड वाचलं. बॉनेट उघडलं तर पंप फिरवणारा पट्टा जागेवर नव्हताच. त्याची एक कड तेवढी पुलीला दोऱ्यासारखी गुंडाळलेली. क्रेनवर घालून सांगलीला आणायला साडेचार हजार गेले आणि तुळजापूर राहिलं. त्यावर घरी जी चर्चा झाली ती इथे लिहीत नाही.

दीपक कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे धातू मापात कापणाऱ्या मशिनवर असतो. त्यानं मुद्दाम बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर आणला होता. पुडी बाजूला सारली, दोन्ही पंप पेपरवर पालथे घातले आणि व्हर्नियरची मागची दांडी बाहेर काढून इंजिनवर बसायच्या फेसपासून पुली जिथे बसते त्या हबपर्यंतची उंची मोजली. जुना 61.9 मिलिमीटर. नवा 64.2. पुन्हा मोजली. तेवढीच.

“दोन पॉइंट तीन,” तो म्हणाला. “ह्या पट्ट्याच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेचं अंतर साडेतीन मिलिमीटर असतंय. त्यात तू पुली सव्वादोननं भायेर काढलीस मर्दा. पट्टा तिरका पळणार, कड खाणार, दुसरं काय हुणार?”

“मी काढली?” बंडू उसळला. “पंप मी बनवलाय व्हय?”

“बनवला नसशील. पण ही भोकं कुणी लांबवली?”

सगळे वाकून बघायला लागलो. सहा भोकांपैकी चार गोल होती. दोन लांबट, आणि त्यांच्या आतल्या बाजूला गोल कानशीचे ताजे, चमकणारे ओरखडे. फेसभोवती फट बुजवायच्या गॅस्केट पेस्टची ही जाड वेलांटी. बाहेर आली तेवढी आतही गेली असणार, आणि ती सुटून रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसते, हे दीपकनं ऐकवलंच. बंडूनं भडंगाची मूठ भरली आणि खायला लागला.

मग म्हणाला, “हे बग, लोकल माल म्हटला की कानस लागतीयच. भोकं जुळत न्हाईत म्हणून गाडी उघडी ठिवू का? पट्टा चढवला, चालू करून बगितली, आवाज नव्हता.”

“थंड इंजिनावर बघितलीस.”

“मग काय सांगोल्यापतूर घिऊन जाऊ ट्रायलला?”

इथपर्यंत हसण्यावारी चाललं होतं. दीपक मात्र गंभीर होता, कारण हा त्याच्या धंद्याचा विषय. त्याचं म्हणणं, असा माल बनवणारे बाजारातून एक पंप आणतात आणि त्यावरून माप काढतात. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं की 62, अधिक-उणे अमुक इतकं, म्हणजे तेवढा फरक चालेल. सॅम्पलवर ते अधिक-उणे दिसत नाही. सॅम्पल वापरलेलं असेल तर झीजसुद्धा मापात येते. त्याहून गंमत कास्टिंगची, म्हणजे ओतकामाची. काहीजण तयार पार्टच पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना म्हणून वाळूत दाबतात. धातू थंड होताना आटतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, शंभराला साधारण एक मिलिमीटर, ॲल्युमिनियम त्याहून जरा जास्त. पॅटर्न म्हणूनच मोठा करायचा असतो. नक्कल करणाऱ्यानं तो मोठा केला नाही, की येणारा पार्ट लहानच येणार. शिवाय हब शाफ्टवर प्रेस करताना खाली पक्का स्टॉपर नसेल तर एक 64 ला बसतो, दुसरा 63 ला. “माप हद्दीत हाय का बगायचं गो-नोगो गेज म्हणून कायतरी आसतंय हे त्यांच्या गावीबी नसंल,” दीपक म्हणाला.

बंडूला हे पटलं नाही, आणि त्याचा मुद्दा मला आजही दीपकच्या मुद्द्याइतकाच वजनदार वाटतो. तो म्हणाला, हा पंप चुकीचा बनलाय कशावरून? यादीतल्या पहिल्या गाडीला 64.2 च बरोबर असेल. एकाच मॉडेलला मधल्याच वर्षी कंपनी पुली बदलते, ब्रॅकेट बदलते, पार्ट नंबर बदलते. म्हणून चेसिस नंबर टाकून पार्ट काढायचा असतो. “ह्यो गेला आन् म्हणाला 2011 चा द्या. दुकानदारानं चारीत चालणारा दिला. एकाच मापात चार गाड्या बसवल्या तर एकीला तरी कमी-जास्त हुणारच की.”

“आणि सगळंच लोकल वाईट नसतंय,” तो पुढे म्हणाला. “जो कारखाना गाडीच्या कंपनीला माल देतोय, त्योच आपल्या नावाच्या बॉक्समधनं बाजारात इकतोय. ते मी डोळं झाकून बसवतो. पैसं वाचत्यात आन् मापबी तेच. ह्यानं आणलेलं ते न्हवं.”

“हा डुप्लिकेट म्हणायचा का मग?” मी विचारलं.

“नाही,” वकील म्हणाला. (खरोखरचा वकील आहे, टोपणनाव नाही.) “दुसऱ्याचं नाव छापून विकला असता तर डुप्लिकेट. त्याला ट्रेड मार्क्स कायदा 1999, कलम 103, सहा महिने ते तीन वर्षं. ह्यानं कुणाचं नाव चोरलेलं नाही. उलट स्वतःचंही नीट लिहिलेलं नाही.”

मग बंडूनं तोफ माझ्याकडे वळवली. माझं मेडिकल आहे. “तू रोज लोकास्नी सांगतोस, जेनेरिक घ्या, औषध तेच आसतंय. मग पंप बी जेनेरिक घेतलास. आता रडतोस कशाला?”

सगळे खूष झाले. मी थोडा वेळ गप्प बसलो, कारण वार बरोबर लागला होता. पण एक फरक आहे. माझ्याकडच्या स्वस्तातल्या स्वस्त पाकिटावरही आत काय आहे, किती मिलिग्रॅम आहे, बॅच नंबर, एक्सपायरी, बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि लायसन्स नंबर असतो. गोळी कशी असावी याचं फार्माकोपियाचं पुस्तक असतं. त्या पाकिटावर मी नुसतं ‘तापाला सूटेबल’ लिहून विकलं तर दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर दारात उभा राहील. हे मी बरंच आवाज चढवून सांगितलं. आबा म्हणाले, “मग तो बॉक्स घेताना तुझ्यातला मेडिकलवाला कुठं गेला होता?”

आबांनी किर्लोस्करवाडीला पंप बांधण्यात जन्म काढला. त्यांची कुठलीही गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर कारखाना काढला तिथून सुरू होते, त्यामुळे आम्ही त्यांना सहसा थांबवतो. आज त्यांनी ती गोष्ट काढलीच नाही. नुसते पंप मागितले आणि उलटे करून मांडीवर घेतले. जुन्याचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, ओतीव, पाती जाड. नव्याचा पत्र्याचा, पाती दाबून वाकवलेली. त्यांनी नव्याच्या एका पात्याला अंगठा लावला तर ते किंचित लवलं.

“दीपक, हे मोज. फेसपासून पात्याच्या टोकापर्यंत.”

जुना 21.5. नवा 19.8.

“पट्टा तुटायच्या आधी मिरजेतच काटा वर का गेला, ते हे,” आबा म्हणाले. “पातं आन् समोरची भिंत ह्यात फट थोडीच ठेवायची आसती. फट वाढली की पाणी फुडं न जाता तिथल्या तिथं फिरतंय, ताक घुसळल्यागत. गाडी पळताना चालून जातंय. उभ्या गाडीत इंजिन हळू फिरतंय, तवा कळतंय. तुमी सगळे पट्ट्यावरच भांडताय. पट्टा टिकला आसता तर ह्यो पंप उन्हाळ्यात कुठल्यातरी घाटात हेड घिऊनच थांबला आसता.”

बंडू आणि दीपक पहिल्यांदाच एकत्र गप्प झाले. चहा आला तेवढ्यात.

चहाबरोबर वकिलाला हुरूप आला. दुकानात ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी होती, ते मी सांगितलं. तो म्हणाला, पाटी लावून सुटका होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत.

“बिल कुठंय?”

मी खिशातून चिठ्ठी काढली. वहीचा चतकोर, त्यावर ‘वा.पं. 1150’. शिक्का नाही, दुकानाचं नाव नाही.

“शाब्बास. आणि वर पार्ट कानसलेला. दुकानदार म्हणणार, तुमच्या मेस्त्रीनं वाट लावली. ह्यात दावा कुणावर लागू शकत असेल तर बंडूवरच. सेवेतली त्रुटी. पंधराशे मजुरी घेतलीय, पार्ट बसत नाही हे दिसत असताना बसवलाय.”

तो गमतीनंच म्हणाला असेल. पण बंडूचा चेहरा बदलला. त्यानं ग्लास खाली ठेवला, मोबाईल काढला, अंगठ्यानं वर-खाली केलं आणि स्क्रीन वकिलासमोर धरली. शुक्रवार, दुपारी 3 वाजून 12 मिनिटं, माझं नाव, दोन मिनिटांचा कॉल.

“इचार त्याला, मी काय म्हणालो आन् त्यो काय म्हणाला.”

हे मी कट्ट्यावर सांगितलं नव्हतं. घरी तर नाहीच. बंडूनं फोन केला होता. म्हणाला होता, दोन भोकं जुळत न्हाईत, बदलून आणतोस का? दुकानात गिऱ्हाईक होतं, पहाटे निघायचं होतं, आणि शंभर फुटीवर परत जाऊन त्या दुकानदाराशी हुज्जत घालायची कल्पनाच नको वाटली. मी म्हटलं होतं, “बसव रे कसंतरी.”

वकील मला म्हणाला, “केस संपली.”

“मी आठ दिवस काय बोललो न्हाई,” बंडू म्हणाला. “भोकं घासली ही माझी चूक हाय. आडवं बसून न्हाई म्हणाय पायजे हुतं. पण न्हाई म्हटलं की गिऱ्हाईक फुडच्या गॅरेजला जातंय, आन् तिथंबी कानस आसतीयाच.”

दीपकनं व्हर्नियर पुसून डबीत घातला. आबा भडंगातले शेंगदाणे वेचत होते. ओरिजिनल पंप मंगळवारी कोल्हापूरहून येतोय, या वेळी चेसिस नंबर देऊन मागवलाय. राहता राहिली मजुरी.

“पंधराशे,” बंडू म्हणाला.

“परत?”

“पयलं पंधराशे एकदा काढायचं, एकदा बसवायचं. आता बी तेच.”

घासाघीस होऊन साडेसातशेवर आलं. बंडूची एकच अट होती, चकचकीत पंप त्याला द्यायचा. तुला कशाला हवा म्हणून विचारलं तर त्यानं उत्तर दिलं नाही. पंप बॉक्समध्ये घातला, बॉक्स दिव्याखाली धरला आणि ‘सूटेबल फॉर’च्या खालची यादी वाचायला लागला.