ओस्तांकिनोचा दरवाजा आणि जनरल माकाशोव

बापटकाकांचा प्रश्न साधा होता. सोव्हिएत संघ मोडला, पगार थकले, जर्मनीतून परतलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना डोक्यावर छप्पर मिळेना. अशा रशियात 'गेलेलं राज्य परत आणू' म्हणणाऱ्या कडव्या माणसाला गिऱ्हाइकांचा तोटा नव्हता. मग अल्बर्ट माकाशोव मागे का पडला? तो काही गल्लीतला पुढारी नव्हता. कर्नल-जनरल होता, फ्रुंझे अकादमी आणि जनरल स्टाफ अकादमी दोन्ही करून आलेला.

"डोकं कमी, आवाज मोठा," विन्याने एका वाक्यात निकाल लावला.

"एवढं सोपं नाही ते," मनीषा म्हणाली. "तो आधी व्होल्गा-उरल लष्करी विभागाचा प्रमुख होता, मुख्यालय समारा. विभाग म्हणजे अफाट मुलूख, त्यातले तळ, कोठारं, भरती, सगळं एका सहीखाली. डोकं नसलेल्या माणसाला तिथे बसवत नाहीत. त्याआधी १९८८च्या अखेरीस तो येरेवानचा लष्करी कमांडंट. ७ डिसेंबरच्या भूकंपाने आर्मेनिया हादरलेला, त्याच दिवसांत काराबाख समितीच्या, म्हणजे नागोर्नो-काराबाख आर्मेनियाला जोडा म्हणणाऱ्या चळवळीच्या, लोकांची धरपकड झाली. त्यांत लेव्होन तेर-पेत्रोस्यान होता."

"जो पुढे आर्मेनियाचा राष्ट्राध्यक्ष झाला."

"ऑक्टोबर १९९१ मध्ये. आणि त्याच साली जूनमध्ये माकाशोव रशियाच्या अध्यक्षपदासाठी उभा राहून पडला. ज्याला आत टाकलं तो चार महिन्यांनी गादीवर. लष्करी बंदोबस्ताने राजकारण मिटत नाही, हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं."

विन्या आकडे घेऊनच बसला होता. १२ जून १९९१, योगायोगाने माकाशोवचा त्रेपन्नावा वाढदिवस. उमेदवार सहा. येल्त्सिन ५७.३ टक्के, रिझकोव १६.९, झिरिनोव्स्की ७.८, तुलेयेव ६.८, माकाशोव ३.७ आणि तळाला बाकातिन. माकाशोवची मतं ३० लाखांना थोडी कमी. "आता सांगा, ही जनरलची पत?"

"त्या निवडणुकीत गणवेश म्हणजे काही दुर्मीळ चीज नव्हती रे," शेखभाई म्हणाले. "येल्त्सिनच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी कोण? रुत्स्कोय. अफगाणिस्तानात विमान पडून कैद भोगलेला हवाई दलाचा अधिकारी. रिझकोवच्या जोडीला बोरिस ग्रोमोव, अफगाणिस्तानातून शेवटची फौज बाहेर काढणारा. लोकांना युद्धातून आलेला माणूस हवा असेल तर तो दोन दुकानांत आधीच मिळत होता. माकाशोवने सोबत घेतला अर्थशास्त्रज्ञ, अलेक्सेई सेर्गेयेव. आणि माल काय, तर पक्की जुनी कम्युनिस्ट शिस्त. ज्या पक्षाला लोक कंटाळले होते त्याचीच सर्वांत कडक आवृत्ती."

मला हा मुद्दा पटला. माकाशोवची कीर्ती झाली ती १९९० च्या जूनमध्ये, रशियन कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापना अधिवेशनात. पूर्व युरोपातून मुकाट माघार घेण्यावर त्याने गोर्बाचोवच्या धोरणाची सालटी काढली होती. ते ऐकून सभागृहातले प्रतिनिधी खूश झाले. पण सभागृहातले प्रतिनिधी म्हणजे मतदार नव्हेत, आणि ऑगस्ट १९९१ मध्ये कडव्या कम्युनिस्टांनी गोर्बाचोवविरुद्ध केलेल्या बंडाला त्याने समाराहून पाठिंबा दिला तेव्हा तर हातातली नोकरीही गेली. तीन दिवसांत बंड आटोपलं, माकाशोव घरी बसला.

इथपर्यंत सगळे एका सुरात होते. खरी जुंपली ती ३ ऑक्टोबर १९९३ वरून.

"क्रम नीट लावा," शेखभाई म्हणाले. "२१ सप्टेंबरला येल्त्सिनने हुकूम क्रमांक १४०० काढून संसद बरखास्त केली. संसदेने उलट त्यालाच पदच्युत ठरवून रुत्स्कोयला हंगामी अध्यक्ष केलं. रुत्स्कोयने अचालोवला संरक्षणमंत्री नेमलं आणि माकाशोवला त्याचा उपमंत्री. पद भलं मोठं, पण हाताखाली एक रेजिमेंट नाही. संसदेच्या इमारतीला तिकडे व्हाइट हाऊस म्हणतात. तिची वीज, पाणी, फोन सगळं तोडलेलं. ३ तारखेला दुपारी मोर्चा पोलिसांचं कडं फोडून तिथवर आला. रुत्स्कोयने सज्जातून सांगितलं, आधी समोरची महापालिकेची इमारत घ्या, मग ओस्तांकिनोचं टीव्ही केंद्र. महापालिकेवरच्या चढाईत माकाशोव पुढे होता. ती इमारत झटक्यात पडली."

"आणि तेच नडलं," विन्या म्हणाला.

"नडलंच. महापालिकेपाशी पोलीस मागे सरकले, कारण लढायचं की नाही याचाच त्यांना पत्ता नव्हता. त्यावरून अंदाज बांधला की टीव्ही केंद्रावरही असंच होईल. पळवलेले ट्रक, बसगाड्या, त्यांत लोक भरलेले, निघाले शहराच्या उत्तरेला. आणि गंमत बघा, त्याच सुमारास गृहखात्याच्या 'वित्याझ' तुकडीची चिलखती वाहनं त्याच दिशेने चालली होती. ती कुणाची, कशाला चालली आहेत, याची खातरजमा झाली नाही. पुढे टेहळणी पाठवायची, हा प्लाटूनच्या पातळीवरचा धडा आहे."

बापटकाका बराच वेळ गप्प होते. आता ते बोलले. "हुकूम रुत्स्कोयचा होता. सैनिकाने हुकूम पाळला. त्यात माकाशोवचा काय दोष?"

"काका, लेफ्टनंटने असं म्हटलं तर चालेल. कर्नल-जनरलला 'हे या साधनांत होणार नाही' असं सांगण्याची मुभा असते, किंबहुना ते त्याचं काम असतं," मनीषा म्हणाली. "साधनं काय होती ते मोजा. हत्यारं चालवणारी माणसं वीसच्या आसपास. ग्रेनेड लाँचर एक. बाकी सगळा निःशस्त्र जमाव, त्यात बघे आणि पत्रकार. समोर दारात आणि वरच्या मजल्यांवर स्वयंचलित हत्यारं घेऊन बसलेली प्रशिक्षित तुकडी."

जागेचा नकाशा डोळ्यांपुढे आणला तर चूक लगेच दिसते. अकॅडेमिशियन कोरोल्योव रस्त्याच्या एका बाजूला टीव्ही केंद्राची मुख्य इमारत, दुसऱ्या बाजूला तांत्रिक इमारत. दोन्हींत सरकारची माणसं. जमाव उभा राहिला दोन्हींच्या मधोमध, उघड्या रस्त्यावर. म्हणजे गोळीबार सुरू झाला की आडोसा कुठल्याच बाजूला नाही. माकाशोव तांत्रिक इमारतीच्या दारासमोर जाऊन भोंग्यावरून शरण येण्याची सूचना देत होता. सूचना देण्यात जो वेळ गेला तो आतल्यांच्या उपयोगी पडला. सातच्या पुढे ट्रकने दाराला धडका दिल्या. काचा फुटल्या, पण आत घुसायला वाट झाली नाही. मग स्फोट झाला आणि वित्याझचा एक जवान, निकोलाय सित्निकोव, मेला. तो स्फोट बाहेरच्या ग्रेनेडचा की आतलाच, यावर रशियात आजही दोन तट आहेत. आतून मात्र गोळ्यांचा पाऊस सुरू झाला. त्या संध्याकाळी तिथे किमान ४६ जण मेले. त्यांत ब्रिटिश कॅमेरामन रोरी पेक आणि फ्रेंच कॅमेरामन इव्हान स्कोपान हे दोघे होते.

"आता माझा प्रश्न," शेखभाई म्हणाले. "समजा दार फुटलं असतं. पुढे काय? साडेसातच्या सुमारास पहिल्या वाहिनीचं प्रक्षेपण बंद झालं. प्रेक्षकांना सांगितलं गेलं की केंद्रावर सशस्त्र हल्ला झालाय. दुसरी सरकारी वाहिनी मात्र शहरातल्या दुसऱ्या स्टुडिओतून चालूच राहिली आणि येल्त्सिनचा उपपंतप्रधान गैदार याने तिच्यावरूनच लोकांना सरकारच्या बाजूने रस्त्यावर उतरायला सांगितलं. म्हणजे इमारत घेतली तरी देशापर्यंत आवाज पोचण्याची खात्री नाही. त्यासाठी प्रक्षेपणाची साखळी ठाऊक असलेले इंजिनियर सोबत हवेत, दुसरा स्टुडिओ एकाच वेळी ताब्यात हवा. यातलं काही योजलेलं दिसत नाही."

"म्हणजे मी म्हणालो तेच. डोकं कमी."

"डोकं नाही रे, सवय," मनीषाने विन्याला मध्येच तोडलं. "तीस वर्षं ज्याच्या मागे आपसूक तोफखाना, दळणवळण, रसद येत गेली, त्याला ती नसते तेव्हा काय करायचं हे कधी शिकवलेलंच नसतं. तो जमावाला आदेश देत होता, पण फौजेला दिल्यासारखा. जमाव पुढे येतो, पण थांब म्हटलं की थांबत नाही, पांग म्हटलं की पांगत नाही."

दुसऱ्या दिवशी रणगाड्यांनी व्हाइट हाऊसवर तोफा डागल्या, संध्याकाळपर्यंत रुत्स्कोय, संसदेचा सभापती हस्बुलातोव, अचालोव, माकाशोव सगळे अटकेत. आणि बापटकाकांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथेच आहे, पुढच्या दहा आठवड्यांत. १२ डिसेंबर १९९३ ला नव्या दूमाची, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची, निवडणूक झाली. पक्षयाद्यांच्या मतदानात झिरिनोव्स्कीच्या पक्षाला २२.९ टक्के मिळाले, पहिला क्रमांक. संतापाचं मत होतं, भरपूर होतं, आणि ते गोळा करायला सैन्यात कधी सेनापती न झालेला एक बोलभांड वकील मोकळा होता. जनरल तेव्हा मॉस्कोतल्या लेफोर्तोवोच्या तुरुंगात. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या या! फेब्रुवारी १९९४ मध्ये त्याच दूमाने माफीचा ठराव केला म्हणून माकाशोव सुटला. ठरावाची तारीख २३ फेब्रुवारी, रशियातला सैन्याचा दिवस.

"पण मग लेबेदचं काय?" बापटकाका सोडेनात. "तोही जनरलच. १९९६ ला १४.५ टक्के, एक कोटीच्या वर मतं, तिसरा क्रमांक."

लेबेदवर विन्या जरा नरमला. १९९२ मध्ये मोल्दोव्हापासून फुटू पाहणाऱ्या त्रान्सनिस्त्रियात चौदाव्या सैन्याचा सेनापती म्हणून गेलेला अलेक्झांडर लेबेद तोफा चालवून लढाई थांबवणारा म्हणून ओळखला गेला. त्याचं नाव एका संपलेल्या युद्धाशी जोडलेलं होतं, माकाशोवचं एका फसलेल्या चढाईशी. शिवाय १९९६ च्या प्रचारात त्याला येल्त्सिनच्या गोटातूनच आतून मदत झाली होती, कम्युनिस्ट पक्षाचा नेता झ्युगानोव याची मतं कापावीत म्हणून. १६ जूनला पहिली फेरी, १८ जूनला लेबेद सुरक्षा परिषदेचा सचिव. ऑगस्टअखेर त्याने चेचेन बंडखोरांचा सेनापती मास्खादोव याच्याबरोबर खासाव्युर्तचा करार करून चेचन्यातलं युद्ध थांबवलं, आणि १७ ऑक्टोबरला येल्त्सिनने त्याला काढूनही टाकलं. जेमतेम चार महिने.

"म्हणजे त्यालाही वापरलाच," मनीषा म्हणाली. "फरक एवढाच की लेबेदने पुढे १९९८ मध्ये क्रास्नोयार्स्कचं राज्यपालपद निवडून येऊन घेतलं, स्वतःच्या नावावर. माकाशोवला स्वतःचं असं काही उभंच करता आलं नाही."

शेखभाईंना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते १९९५ मध्ये समारा भागातून कम्युनिस्ट पक्षातर्फे दूमात निवडून येणं हे काही कमी नाही, आणि २००३ मध्ये तो पुन्हा दूमात होताच. "पक्षाने वापरला म्हणता, तसा त्यानेही पक्ष वापरला."

"तेच तर," विन्या म्हणाला. "१९९८ आठवा. ऑक्टोबरमध्ये, रूबल गडगडून दोन महिने झालेले, हा माणूस जाहीर सभांतून सगळ्याचं खापर ज्यूंवर फोडत होता, मारण्याची भाषा करत होता. निषेधाचा ठराव दूमात आला ४ नोव्हेंबरला. बाजूने १०७, विरुद्ध १२१. पास व्हायला हवी होती २२६. साडेचारशेच्या सभागृहात!"

"झ्युगानोवने त्याला वाचवलं कारण तो लोकप्रिय होता," बापटकाका म्हणाले.

"लोकप्रिय नाही, काका," विन्या म्हणाला. "त्याला बाहेर काढला असता तर रस्त्यावरचे लाल-तपकिरी, म्हणजे कम्युनिस्ट आणि कडवे राष्ट्रवादी, मोर्चेकरी त्याच्यामागे गेले असते, पक्षाच्या सभा ओस पडल्या असत्या. आणि ठेवला तर पक्षाला मध्यममार्गी मतं कधीच मिळणार नव्हती. झ्युगानोवने पहिला तोटा टाळला आणि दुसरा पत्करला."

बापटकाकांनी यावर मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते काही त्यांनी सांगितलं नाही. विन्या मात्र लगेच २००० च्या निवडणुकीतल्या झ्युगानोवच्या २९ टक्क्यांवर घसरला.