गुडघा दुखतो म्हणून चालणं सोडू नका: एका फिरत्या मेसेजला उत्तर

"गुडघा म्हणजे बेअरिंग. जितका वापराल तितका लवकर संपेल. दुखायला लागलं की चालणं कमी करा, जिने बंद करा, उभ्यानं करायचं काम सोडा, वंगणाच्या गोळ्या सुरू करा. शेवटी सांधा बदलावा लागणारच." अशा अर्थाचा मेसेज सगळीकडे फिरतो आहे. त्यावर विसंबून चांगली हिंडती-फिरती माणसं घरी बसतात आणि काही महिन्यांत त्यांना खुर्चीतून उठणंही जड जातं. म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

"वापरला की झिजतो." बेअरिंगला स्वतःची डागडुजी करता येत नाही, जिवंत सांध्याला काही प्रमाणात येते. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत, म्हणजे गुळगुळीत, लवचिक आवरणात, रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की सुटते, आणि या दाब-सुटीमुळेच द्रव तिच्यात आत-बाहेर होतो. फार काळ भारच न पडलेल्या गुडघ्यातली कूर्चा पातळ होते. दाव्यात तथ्य आहे ते एवढंच, की वर्षानुवर्षं उकिडवं बसून किंवा जड ओझी उचलून केलेलं काम, गुडघ्याची जुनी दुखापत आणि वाढलेलं वजन यांमुळे गुडघ्याच्या झिजेचा आजार (ऑस्टिओआर्थ्रायटिस) होण्याची शक्यता वाढते. रोजच्या चालण्याला त्या रांगेत बसवणं चूक आहे.

"एक्स-रेत गॅप (हाडांमधली फट) संपलेली दिसते, आता व्यायामाचा काय उपयोग?" एक्स-रेवरून झिजेची ० ते ४ अशी प्रतवारी करण्याची पद्धत १९५७पासून आहे, पण ती प्रत आणि वेदना यांचा मेळ बसतोच असं नाही. तिसऱ्या प्रतीचा गुडघा घेऊन दिवसभर काम करणारे लोक असतात आणि पहिल्या प्रतीच्या गुडघ्यानं हैराण झालेलेही असतात. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं तर सांगतात, की वय ४५ किंवा जास्त असेल, हालचालीनं सांधा दुखत असेल आणि सकाळचा ताठरपणा नसेल किंवा अर्ध्या तासाच्या आत जात असेल, तर निदानासाठी सहसा एक्स-रेचीही गरज नाही.

"दुखलं की विश्रांती." सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्यानं होतं. गुडघ्याला सूज आली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा आदेशच मंदावतो. त्यात विश्रांतीची भर पडली की स्नायू आणखी बारीक होतो आणि पाऊल टेकताना त्यानं झेलायचा हादरा सांध्यावर जातो. हे चक्र ताकदीच्या व्यायामानंच तुटतं.

सुरुवात खुर्चीपासून करा. खुर्ची भिंतीला टेकवा, बैठक गुडघ्याच्या उंचीची किंवा जरा उंच हवी. कमी पडली तर घट्ट उशी ठेवा. दोन पावलांत खांद्यांइतकं अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. अंग पुढे झुकवून दोन अंक मोजत उठा, चार अंक मोजत बसा. असं ८ ते १० वेळा, मध्ये एक-दोन मिनिटं थांबून तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. चुका साधारण दोनच होतात: उठताना गुडघे एकमेकांकडे झुकतात आणि बसताना शेवटच्या चार बोटांत अंग धपकन टाकलं जातं. खरी ताकद तर त्या सावकाश बसण्यातच वाढते. १२च्या तीन फेऱ्या सोप्या वाटू लागल्या की उशी काढा, मग हातात वजन घ्या. उठबस अजिबात जमत नसेल तर उताणं झोपून एक गुडघा वाकवा, दुसरा पाय मांडी आवळून सरळ ठेवत वीतभर उचला, ५ सेकंद धरा. प्रत्येक पायाला १० वेळा.

व्यायाम करताना थोडं दुखणारच. ० ते १०च्या मापावर दुखणं ५च्या आत असेल आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मूळ पातळीवर येत असेल, तर इजा होत नाहीये. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं किंवा सूज आली तर व्यायाम बंद करू नका. वेळा निम्म्या करा किंवा बैठक उंच करा. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक जण त्याआधीच कंटाळतात. चालणंही दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत विभागलं तरी चालतं.

"जिने आणि उभ्याचं काम बंद." बंद करण्याऐवजी पद्धत बदला. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हात कठड्यावर. कामावर एकाच स्थितीत अर्ध्या तासाहून जास्त राहू नका: बसून असाल तर उठून दोन मिनिटं चाला, उभे असाल तर १०-१५ सेंटिमीटर उंच पाटावर आलटूनपालटून एकेक पाय ठेवा. खालची कामं टेबलाच्या उंचीवर आणा, ओझं दोन खेपांत न्या. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरण्याची चूक फार आढळते. ती विरुद्ध हातात हवी आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडायला हवी, तरच त्या पायावरचा भार हलका होतो. पायांत चपला-बूट घालून, हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. वजन जास्त असेल तर एक किलो घटल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं २००५च्या एका अभ्यासात दिसलं.

"वंगणाच्या गोळ्या घ्या." २००६मध्ये दीड हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या 'वंगणाच्या' गोळ्या एकंदरीत नकली गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. त्यापेक्षा गुडघ्यावर चोळायचं वेदनाशामक जेल (उदा. डायक्लोफेनॅकचं) आधी वापरून पाहावं. मात्र रोज, दिवसातून ठरलेल्या वेळा. एकदा चोळून गुण दिसत नाही. या जेलमधल्या औषधाच्याच गटातल्या, पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंड, अल्सर किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. स्टेरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे आराम पडतो, पण ते वारंवार घेणं शहाणपणाचं नाही: २०१७च्या चाचणीत दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते घेणाऱ्यांची कूर्चा जास्त घटली, आणि वेदना सलाइनचं इंजेक्शन घेणाऱ्यांइतकीच राहिली.

"शेवटी सांधा बदलावा लागणारच." अनेकांना कधीच लागत नाही. नेटानं व्यायाम करून, वजन आटोक्यात आणूनही रात्रीची झोप मोडत असेल आणि रोजची कामं अडत असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार जरूर करावा; एकट्या एक्स-रेवरून मात्र नाही. दुर्बिणीतून सांधा 'धुऊन' घेण्याचा उपयोग होत नाही, हे २००२मध्येच नकली शस्त्रक्रियेशी तुलना करून दिसलं आहे. थांबून न राहता लगेच डॉक्टर गाठायची वेळ वेगळी असते: गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, पडल्यानंतर पायावर भारच देता येईना, गुडघा अडकून सरळ होईना, किंवा पोटरी सुजून दुखू लागली तर.