भिंतीपलीकडची गिरणी

शाळेच्या ग्रुपवर परत तोच विषय, सोलापूरचे उड्डाणपूल कधी होणार, ट्राफिक कसलं वाढलंय बघा, पूल झाले की सुटलो. मी अकरा वर्षं टेक्ससमधे डॅलसजवळ प्लॅनोला राहतोय, इथं पूल आणि सहा लेनचे रस्ते बक्कळ आहेत आणि तरी दूध आणायला मला गाडी काढावी लागते. दुकान लांब नाही ओ, रात्री त्याचा बोर्ड माझ्या खिडकीतनं दिसतो, पण मधे कॉलनीची भिंत, आतले रस्ते वळत वळत जाऊन बंद होतात, बाहेर पडायला तोंडं दोनच. मग सगळ्यांच्या गाड्या त्याच एका मोठ्या रस्त्यावर, शाळेच्या वेळेला ही लाईन.

आता आपल्याकडं बघा. 1992 ला हद्दवाढ झाली, आसपासची गावं शहरात आली आणि विजापूर रोड, शेळगी, बाळे, सगळीकडं शेतांचे प्लॉट पडत गेले. ज्याचा गट, म्हणजे जमिनीचा तुकडा, त्याचा लेआउट, आणि रस्ता बांधापाशी येऊन संपतो. पलीकडच्या लेआउटचा पण तिथंच संपतो.

आमचं घर याच हद्दवाढ भागात, जुळे सोलापुरात, पिठाची गिरणी मागच्या कॉलनीत. दोन कॉलन्यांमधल्या भिंतीला लोकांनी भगदाड पाडलेलं होतं, खाली फरशीचा तुकडा पायरीला ठेवलेला, आई दळणाचा डबा घेऊन पाच मिनिटात जाऊन यायची. मागच्या दिवाळीला आलो तर तिथं नवीन विटा, वर काचा लावलेल्या. आता ती मेन रोडनं फिरून रिक्षानं जाते, दळणापेक्षा रिक्षाचेच पैसे जास्त. चोऱ्या होतात म्हणून बंद केलं म्हणे, ती भीती खोटी नाही, पण जुन्या गावात साखर पेठेत माझं आजोळ, एका बोळात शिरलं की चार बोळांतनं बाहेर निघता येतं, दिवसभर वर्दळ, आणि नवा माणूस दिसला की दारात बसलेली म्हातारी विचारणारच, 'कुणाकडं आलास रे?'

पुलाला माझा विरोध नाही, जड गाड्या वरनं गेल्या तर बरंच होईल. पण प्लॅनोत आता रस्ता जोडायचा म्हटलं तर कुणाचं तरी घर मधे येतं, आणि आपल्याकडं हद्दवाढ भागात अजून कितीतरी गट मोकळे आहेत, तूर उभी असते तिथं. लेआउट मंजूर करतानाच रस्ते समोरासमोर आणून जोडायला लावा की, नंतर भूसंपादनात वर्षं जातात हे आपण उड्डाणपुलांनाच बघतोय.

डिसेंबरात येतोय. कॉलनीच्या मीटिंगला भिंतीचा विषय काढणार आहे, माणूस आणि सायकल जाईल एवढी वाट, वर एक दिवा, दिव्याचा खर्च माझा. जुळे सोलापूरवाल्यांनी या नक्की.