ओम्त्सिख्तचं मोजमाप शून्य जागांवरून करू नका

नेदरलँड्सचा माजी खासदार पीटर ओम्त्सिख्त, त्याचं नाव निघालं की हल्ली इथे सगळे त्याच्या पक्षाचं काय झालं तेवढंच बोलतात, मला ते ऐकवत नाही म्हणून लिहितोय. आमची मुलगी पाळणाघरात जायची तेव्हा आम्हीही सरकारचा भत्ता घ्यायचो, इथे त्याला टूस्लाख म्हणतात, नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या बऱ्याच मराठी घरांना हा शब्द पाठ असेल. ह्याच भत्त्यावरून हजारो आईबापांना इथल्या टॅक्स खात्याने चोर ठरवलं होतं. फॉर्मवर एखादी सही राहिली, स्वतःचा वाटा थोडा कमी भरला, की वर्षभराचा सगळा भत्ता परत करा, म्हणजे हजारो युरो! घरं गेली, संसार मोडले. आणि दुहेरी नागरिकत्व असलेल्यांवर जास्त संशय, हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता कारण आम्हीही बाहेरूनच आलेलो.

हे उकरून काढलं ते ओम्त्सिख्तने, विरोधी पक्षातल्या रेन्स्के लाइटनने आणि ट्राउ हे वर्तमानपत्र आणि आरटीएल ह्या टीव्ही वाहिनीच्या पत्रकारांनी. गंमत नाही ती, ओम्त्सिख्तचा पक्ष सीडीए सरकारमध्ये होता! स्वतःच्याच सरकारला तो वर्षानुवर्षं प्रश्न विचारत राहिला, मजकुरावर काळं फासून झाकलेली कागदपत्रं मिळाली तरी पुन्हा मागत राहिला. शेवटी 15 जानेवारी 2021 ला पंतप्रधान रुटेंचं सरकार राजीनामा देऊन बाजूला झालं.

तसा तो पक्षाचा लाडका कधीच नव्हता. 2012 ला पक्षाने उमेदवारांच्या यादीत 39 व्या नंबरवर टाकलेलं, पक्षाला जागा मिळाल्या 13, तरी 36 हजारांवर लोकांनी थेट त्याच्या नावावर खूण केली आणि तो निवडून आला. 2021 च्या निवडणुकीत साडेतीन लाखांच्या आसपास मतं त्याच्या एकट्याच्या नावावर पडली. आणि त्यानंतर आठवडाभरात सरकार बनवायच्या बोलणीतला एक कागद फोटोत दिसला, त्यावर लिहिलेलं, ओम्त्सिख्तचं स्थान, काम दुसरीकडे. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याला हलवायचं कुठे ह्याचा विचार चालू होता. माणूस आधीच थकून घरी बसलेला, त्या जूनमध्ये त्याने पक्ष सोडला.

मग 2023 मध्ये स्वतःचा पक्ष काढला, एनएससी, तीन महिन्यांत 150 पैकी 20 जागा. आणि इथे मला वाटतं त्याची खरी चूक झाली. प्रचारात कट्टर उजव्या विल्डर्सच्या पक्षासोबत जाणार नाही म्हणाला आणि नंतर त्याच युतीत गेला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच्याच पक्षाच्या नोरा आखाबार मंत्रिमंडळातल्या दुखावणाऱ्या बोलण्याला कंटाळून बाहेर पडल्या, आणि ह्याच भत्त्याचं खातं त्यांच्याकडे होतं, ह्याचं मला फार वाईट वाटलं. एप्रिल 2025 ला त्याने राजकारणच सोडलं, ऑक्टोबरमध्ये पक्षाला एकही जागा नाही.

पण त्याआधीची जवळजवळ 20 वर्षं? माल्टातली पत्रकार डाफ्ने कारुआना गॅलिझियाच्या खुनाच्या तपासावर मानवी हक्कांवर काम करणाऱ्या युरोप परिषदेतर्फे अहवाल लिहिला तोही ह्यानेच. पक्ष चालवणं त्याला जमलं नाही, कागद वाचणं मात्र त्याच्यासारखं मी तरी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. नुकसानभरपाईचं काम अजून रखडत चाललंय, कित्येक आईबाप थांबलेले आहेत, आणि त्यांच्या फायली आता संसदेत कोण मागणार हा प्रश्न मला खरंच सतावतो.